आबांची अर्धी वाक्यं

आमचे आबा एक शब्द बोलायचे आणि थांबायचे. घोट गिळायला किंवा शब्द आठवायला माणूस थांबतो तसलं ते थांबणं नव्हतं. तेवढ्या वेळात चुलीवरचं दूध उतू जायचं, ते पुसलं जायचं, त्यावरून आई आणि अक्काचं भांडण होऊन मिटायचंसुद्धा. आबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ आणि घराचे कर्ते. वडलांना आम्ही भाऊ म्हणायचो. अक्का म्हणजे या दोघांमधली बहीण. तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी आली ती आमच्याकडेच राहिली. पाचोऱ्याहून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव. कापूस, थोडी केळी, दोन म्हशी, आणि ओट्यावर बाजेवर बसलेले आबा. घर एवढ्यावर चालायचं.

आबांना विचारायची वेळ सकाळची. ते तोंड धुऊन, तांब्या शेजारी ठेवून बसले की एकेक जण समोर यायचा, आपलं काम विचारायचा, आबांचा शब्द घ्यायचा आणि मार्गी लागायचा. दुसऱ्या शब्दासाठी कोणी थांबत नसे. यात अनादर नव्हता, उलट एवढा आज्ञाधारकपणा मी नंतर कुठल्या कचेरीतही पाहिला नाही. आबा 'हो' म्हणाले की माणूस होकडे पळायचा, 'नको' म्हणाले की मान खाली घालून परत फिरायचा. पंचक्रोशीत आमच्या घराचं नाव होतं: तिथे आबांच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. आई तर जेठांसमोर यायची नाही, दाराआडून विचारायची, "आबा, आज भाजी काय करू?" आबा म्हणायचे, "भरीत." मग परसात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटायच्या, हिरवी पांढुरकी वांगी त्यात काळी व्हायची, कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, वर तेलाची धार, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. दर दोन दिवसांनी भरीत. धुराचा तो वास माझ्या दप्तरालाही यायचा. आबा खाली मान घालून मुकाट्याने जेवायचे. आम्ही समजायचो, आवडीचं आहे, म्हणून बोलत नाहीत.

मी जळगावला कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज पाचोऱ्याहून पॅसेंजरने जायचं, संध्याकाळी परत. कॉलेजात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर, पाय धुतलेले हवेत असा काही नियम नव्हता, पण शिपाई पायांकडे बघायचा. यंत्रांवर झालर लावलेली कापडी आच्छादनं होती, आणि आवाज काढणारं यंत्र एकच, कोपऱ्यातलं. त्याला सरांनी दसऱ्याला लावलेलं कुंकू वर्षभर होतं. बाकीच्यांनी वर्षाअखेरच्या प्रोजेक्टसाठी वाचनालयाची नोंदवही, दुकानाची बिलं असले विषय घेतले. गाणं म्हणे आता दहाव्या हिश्शाच्या जागेत मावतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. बाकीचे नऊ हिस्से जातात कुठे, हे मला बघायचं होतं. सर म्हणाले, "गाण्याच्या भानगडीत पडू नकोस. माणसाचा आवाज घे, तो लहान करून दाखव आणि परत मोठा करून ऐकव. तेवढं झालं तरी पुष्कळ."

आता माझा मुलगा फोनवर बोट फिरवून हजार गाणी खिशात घालतो, त्याला हे सांगताना माझीच मला गंमत वाटते. आवाज यंत्रात शिरला की त्याचे आकडे होतात, सेकंदाला आठ हजार. मी ठरवलं की सगळे आकडे लिहायचे नाहीत. मागच्यापेक्षा पुढचा कितीने वेगळा, तेवढा फरक लिहायचा, कारण फरक लहान असतो आणि लहान आकड्याला जागा कमी लागते. आणि एकच आकडा पुन्हापुन्हा आला तर तो एकदा लिहून 'हा इतक्या वेळा' असं पुढे टाकायचं. तीन आठवडे खपून मी प्रोग्राम लिहिला, माझाच आवाज त्यात घातला, आणि तो बरोबर दुप्पट मोठा होऊन बाहेर आला. माझ्या आवाजात सलग सारखं काही नव्हतंच, त्यामुळे प्रोग्राम बिचारा प्रत्येक आकड्यापुढे 'हा एकदा आला', 'हा एकदा आला' असं इमानदारीने लिहीत बसला होता. सरांनी पडद्यावरचे आकडे तपासले. म्हणाले, "शोभा, हे कॉम्प्रेशन नाही. हे खत आहे. घातलं की वाढतंय."

मग युक्ती सुचली. माणूस बोलतो त्यात मधे शांतताही असते. ठरावीक पातळीखालचा बारीकसारीक आवाज शांतता समजायचा आणि त्या शांततेची नुसती मोजणी ठेवायची. परत मोठं करताना तेवढीच शांतता भरायची. जितकी शांतता जास्त, तितकी माझी फाईल लहान. हे लक्षात आलं तेव्हा मी पॅसेंजरमध्ये उभी होते आणि शेजारच्या बाईला आनंदाने धक्का दिला. असा माणूस साऱ्या जळगाव जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्या ओट्यावर बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंचा टेपरेकॉर्डर मी आबांच्या बाजेखाली ठेवला, माईक तांब्याला टेकवला आणि बटण दाबून कॉलेजची तयारी करायला आत गेले. बाहेर रोजचं चाललं होतं. भाऊंनी विचारलं, "आबा, खालच्या वावरमा पानी सोडू का आज?" आबा म्हणाले, "नको." भाऊ गेले. आमचा सालदार सुकलाल आला, "आबा, बहीणनं लगीन शे, दोन दिवस जाऊ का?" आबा म्हणाले, "नही." सुकलाल डोळे पुसत गोठ्यात गेला. दाराआडून आईने भाजीचं विचारलं. "भरीत." आई काड्या आणायला गेली. ओट्यावर आबा आणि टेपरेकॉर्डर एवढेच उरले.

कॉलेजात वायर लावून मी ती कॅसेट यंत्रात उतरवली आणि प्रोग्राम चालवला. फाईल इतकी लहान झाली की मला वाटलं काही शिरलंच नाही. ती परत मोठी केली आणि कानाला हेडफोन लावला. आतून एक तडफदार, झपाझप बोलणारा माणूस बोलू लागला. आवाज आबांचा, पण वेग बाजार समितीतल्या लिलाववाल्याचा. "आबा, खालच्या वावरमा पानी सोडू का आज?" "नको थांबू, आतेच सोड!" "दोन दिवस जाऊ का?" "नही पुरतस दोन दिवस, चार दिवस जाय!" "भाजी काय करू?" "भरीत सोडीसन काहीबी कर!"

मी हेडफोन काढला आणि आजूबाजूला बघितलं. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा सरांना ऐकवलं. त्यांना आमची बोली नीट कळत नव्हती, त्यांना एवढंच दिसलं की अर्ध्या तासाचं बोलणं दीड मिनिटात आलं. ते म्हणाले, "शांतता कुठे गेली?" मग आम्ही दोघांनी प्रोग्राम ओळ ओळ वाचला आणि चूक सापडली. शांततेची मोजणी ठेवायला मी जी जागा दिली होती, तिच्यात दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा मावतच नव्हता. त्याच्या पुढे गेलं की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखं पुन्हा शून्यापासून सुरू. साध्या माणसाच्या श्वासाएवढी शांतताही त्यात मावली नसती. आबांचं एकेक थांबणं लाखांच्या घरात होतं. ते कितीदा शून्यावर येऊन गेलं असेल कोणास ठाऊक. शेवटी उरली ती डोळ्याची पापणी लवेल एवढी फट. सर म्हणाले, "एका ओळीचं काम आहे, जागा मोठी दे." मी हो म्हटलं, आणि ती ओळ न बदलता तो चुकीचा आवाज कोऱ्या कॅसेटवर भरून घरी नेला. इतकं चुकीचं काम मी इतक्या जपून पिशवीत घालून पुन्हा कधी नेलं नाही.

ऐकवायला मी रविवार निवडला. जेवणं व्हायची होती, परसात काड्या पेटल्या होत्या. मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. अक्का तेवढी आली नाही. तिचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घालायचे चालले होते, ती अंगणात खाटेवर कापड पसरून पळीने पीठ ओतत राहिली. मी टेप लावला. पाण्याचं वाक्य झालं तेव्हा भाऊंचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण खालच्या वावरातली केळी त्या आठवड्यात माना टाकू लागली होती. सुकलालचं वाक्य झालं तेव्हा तो उभा राहिला, टोपी घातली आणि आबांच्या पाया पडून सरळ बहिणीच्या गावाला निघाला. लग्न परवाच झालं होतं, पण तो म्हणाला चार दिवस म्हणजे चार दिवस. भरताचं वाक्य झाल्यावर आई पहिल्यांदाच दाराआडून बाहेर आली. बावीस वर्षांच्या संसारात ती जेठांसमोर पदर न सावरता उभी राहिली ती त्या दिवशी.

"आबा, तुम्हाले भरीत आवडत नही?"

आबा टेपरेकॉर्डरकडे बघत होते. कपाळाला आठ्या. "कोन शे हाऊ?" ते म्हणाले. आम्ही थांबलो. सगळे थांबलो. परसात वांगी जळत होती, त्यांचा वास आला तरी कोणी हललं नाही. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "भलता बोलस."

भाऊ म्हणाले, "आबा, हाऊ तुम्हीच शेतस."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग भाऊंकडे, मग आईकडे. पुन्हा आम्ही थांबलो. मी मनात मोजायला लागले, ती सवय मला प्रोग्रामने लावली होती. शेवटी ते म्हणाले, "माले वाटे, या घरमा मनं कोनी ऐकतच नही."

त्या दिवशी आम्ही वरणाला फोडणी देऊन जेवलो. आबांनी तीनदा मागून घेतलं.

नंतरचे आठ-दहा दिवस आमच्या घराने जे भोगलं त्याला माझा प्रोग्राम जबाबदार आहे, हे मी इथे कबूल करते. आबांचं प्रत्येक वाक्य पूर्ण ऐकायचं असं भाऊंनी ठरवलं. पण कुठल्या वाक्याला दुसरा भाग आहे आणि कुठलं पहिल्या शब्दातच संपलंय, हे कळायला काही मार्ग नव्हता. आईने विचारलं, भाकरी टाकू का, आबा म्हणाले, "टाक." आई परात घेऊन उभी. आबा काहीच बोलेनात. एक वाजला, दीड वाजला, सगळे उपाशी. शेवटी आबाच वैतागून म्हणाले, "टाक ना वं माय!" म्हशींच्या धारा उशिरा निघू लागल्या. भाऊ वावरात जायच्या ऐवजी आबांसमोर स्टुलावर बसून राहू लागले. बातमी गावात फुटली आणि मग भाऊबंद येऊ लागले, जुनी वाक्यं घेऊन. एका चुलतकाकांनी विचारलं, आमच्या घराला पूर्वेची खिडकी नको म्हणाला होतात, त्याच्या पुढे काय होतं? पूर्वेला खिडकी नाही म्हणून ते तीस वर्षं दिवसा दिवा लावून बसत होते. आबा विचार करून म्हणाले, "लहान." म्हणजे लहान नको, मोठी कर. काका ओट्यावरच मटकन बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भिंतीवर पहार पडल्याचे आवाज आम्हाला ऐकू येत होते. आबांना आमचं हे बघत बसणं सोसेना. सगळी नजर आपल्या तोंडावर, हे कळल्यावर ते पहिला शब्दही बोलेनासे झाले आणि सकाळचे उठून केळीत जाऊन बसू लागले.

मी मात्र त्या दिवसांत आबांच्या समोर जायचं टाळत होते. कारण माझंही एक वाक्य होतं. बारावीनंतर भाऊंनी त्यांना विचारलं होतं, शोभीले जळगावले कॉम्प्युटर शिकाले धाडू का. आबा म्हणाले, "जाऊ दे." भाऊंनी त्याच दिवशी फॉर्म भरला. त्या दोन शब्दांवर मी तीन वर्षं पॅसेंजरने येत-जात होते. आता माझ्या डोक्यात आलं, 'जाऊ दे' म्हणजे तिला जाऊ दे, की 'जाऊ दे, मग बघू'? परीक्षा महिन्यावर आली होती. मी विचारलं नाही. नंतर नोकरी लागली, लग्न झालं, आबा गेले, तरी विचारलं नाही. अजूनही कधी एखाद्या पोराला ही शांततेची मोजणी शिकवताना फळ्याकडे वळले की मला वाटतं, मागून कोणीतरी म्हणेल, पोरी, ते तसं नव्हतं. पण चुकीच्या ऐकण्याने माणसाचं वाईटच होतं असं नाही, एवढं तरी मला त्यावरून म्हणता येतं.

प्रोजेक्ट द्यायच्या आधी मी ती एक ओळ दुरुस्त केली. बाहेरच्या परीक्षकांनी हेडफोन लावला. आबा "नको" म्हणाले, परीक्षकांनी मिनिटभर वाट बघितली, यंत्र बंद पडलं समजून हेडफोन काढला आणि मला चांगले गुण दिले.

अक्काचं काय झालं ते त्याच दिवसांतलं. ती घरातली सगळ्यात हलती बाई. कोणाचं ऐकायला बसली आहे असं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. इतके लोक येऊन गेले, तिने टेपसुद्धा ऐकला नाही. एका दुपारी आबा केळीतून येऊन बाजेवर टेकले होते, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. अंगणात बिबडे वाळत होते. अक्का हात पुसत आली आणि आबांसमोर जमिनीवर बसली.

"आबा," ती म्हणाली, "मी नवीनच माहेरी उनी व्हती तवय तुले ईचारं व्हतं. मन्ही मॅट्रिक झायेल शे, धुयाले मास्तरनीना कॉलेजले जाऊ का. तू 'नको' म्हना. फुढे काय व्हतं?"

मला हे ठाऊकच नव्हतं. आमच्या अक्काला मास्तरीण व्हायचं होतं हे घरात कोणी कधी बोललं नव्हतं. जिने मला पाटीवर पहिली अक्षरं गिरवून दिली तिला मी कधी विचारलंही नव्हतं की तुला एवढं वळणदार अक्षर कुठून आलं.

आबा म्हणाले, "नको."

अक्का बसून राहिली. अंगणात शेजाऱ्याची शेळी शिरली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि खाटेवरचे बिबडे खायला सुरुवात केली. एरवी अक्काने तिला गल्लीच्या टोकापर्यंत पळवली असती. मी उठायला लागले तर अक्काने माझ्याकडे न बघता हाताने खाली बस म्हणून खूण केली. शेळीने पहिली ओळ संपवली, दुसरी संपवली. कुरुम कुरुम एवढाच आवाज येत होता. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर आबा म्हणाले,

"एकली जाऊ. मी ईसू संगे."

अक्काचं तोंड उघडंच राहिलं. तिला वाटलं झालं, पण आबांचं झालं नव्हतं. शेळीचं पोट भरलं, ती खाटेखाली सावलीत जाऊन बसली. मग आबा म्हणाले, "थैली भरी व्हती मी. तू उनीच नही."

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. आबांना वाटलं होतं, बहिणीनेच विचार बदलला. ते तयार होऊन ओट्यावर बसले आणि ती आत भांडी घासत बसली. दोघांनीही एकमेकांचा मान राखून पुढे काही विचारलं नाही. अक्का रडेल असं मला वाटलं. ती उठली, शेळीला एक धपाटा घातला आणि म्हणाली, "मंग सकाय चाल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं धुळ्याला निघालो. मला अक्काने सोबत घेतलं ते कॉलेज शोधायला. आबांनी धुतलेली टोपी घातली होती, आणि खरंच एक थैली भरली होती. तिच्यात टॉवेल, तांब्या आणि काहीही कारण नसताना कंदील होता. अक्काच्या पिशवीत मॅट्रिकचा दाखला, चारही घड्यांवर फाटलेला. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी तिला चहा आणून दिला. त्यांनी कोणाला चहा आणून दिलेला मी पाहिला नव्हता, आणि बशी धरायचं त्यांना जमत नव्हतं.

कॉलेजच्या फाटकावर रखवालदार होता. "काय काम?" त्याने विचारलं.

"ॲडमिशन," अक्का म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "हिचं?"

"माझं."

रखवालदार हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. तो म्हणाला, "मावशी, त्याला वय असतं. आता नाही व्हायचं."

आबा पुढे झाले. परक्या माणसाशी ते पुस्तकातलं बोलायचे. "हिला उशीर झाला," ते म्हणाले.

"ते दिसतंयच, बाबा," म्हणत रखवालदार फाटक लावायला लागला. अक्काने फाटकाचा गज धरला. तिने तो ओढला नाही की ढकलला नाही, नुसता धरून ठेवला, आणि त्या माणसाला म्हणाली, "थांबा. त्यांचं व्हयनं नही अजून." तो थांबला. का थांबला, मला आजही सांगता येणार नाही. रस्त्याने रिक्षा जात होत्या, पोरीपोरी घोळक्याने आत शिरत होत्या, आणि आम्ही चौघं फाटकात उभे होतो.

"माझ्यामुळे," आबा म्हणाले.

रखवालदाराने आम्हाला आत घेतलं. एका वर्गात भावी मास्तरणींचे सराव पाठ चालले होते. त्याने तिथल्या बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि अक्काला मागच्या बाकावर जागा मिळाली. आबा आणि मी व्हरांड्यात उभे राहिलो. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती, ताठ, आणि बाकावर हाताची घडी, आम्हाला लहानपणी शिकवलेली. तास संपल्याची घंटा झाली. पोरी बाहेर आल्या, शेवटी अक्का आली. आबांनी थैली खांद्यावर घेतली आणि तिच्याकडे बघत उभे राहिले.

"काही खरं नही," अक्का म्हणाली. "ती बाई सगळा येळ फळाकडे तोंड करीसन बोलस. मांगलासले काय ऐकू येई?"